फाटकापर्यंतची गाडी

बाळांनो,

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला तुमचा बेत सांगितलात. यंदाच्या सुट्टीत विमान फक्त मुंबईपर्यंत, पुढचा सगळा प्रवास रेल्वेचा. मोठीने फोनच्या नकाशावर बोट फिरवत दाखवलं: मुंबईहून मूर्तिजापूर, तिथे गाडी बदलायची, आणि मग ती बारीक रेघ धरून थेट कारंजा, आजीच्या घरामागे. धाकट्याने अंदाजाने वेळापत्रकही करून टाकलं होतं. तुमचे चेहरे पाहून मला त्या वेळी बोलवेना. मी "बघू" म्हणाले आणि तुमच्या आईला स्वयंपाकाचं काहीतरी विचारलं.

ती गाडी बंद आहे, बाळांनो. नकाशावर रेघ आहे ती रूळ अजून आहेत म्हणून. तुम्ही ज्या देशात वाढता तिथे रूळ असले की गाडी असते, तेव्हा तुमची चूक नाही.

एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण मग तुम्ही विचारलं असतं, का बंद झाली, आणि तुला त्याचं एवढं काय, आणि तेवढ्यात इथलं नेट गेलं असतं. शिवाय गेल्या चैत्रात एक गोष्ट घडली ती मी तुमच्या बाबांना अजून सांगितलेली नाही. म्हणून लिहून काढते आहे. तुम्हाला मराठी सावकाश वाचता येतं हे मला ठाऊक आहे. कुठे अडलात तर बाबांना विचारा. या निमित्ताने त्यांचंही वाचून होईल. माझ्या बहिणीचं बोलणं वऱ्हाडी आहे, ते मोठ्याने वाचा, म्हणजे कळेल.

आयुष्यभर शाळेत इंग्रजी शिकवल्यामुळे मला आधी व्याख्या सांगायची खोड आहे, ती सहन करा. दोन रुळांमधल्या अंतराला गेज म्हणतात. तुमच्याकडच्या मोठ्या गाड्यांचे रूळ आमच्या मोठ्या रुळांपेक्षा अरुंद आहेत. हे मी तिथे आले होते तेव्हा सांगितलं, तर धाकटा टेप घेऊन स्टेशनवर मोजायला निघाला होता. तुमच्या खोलीतल्या त्या जगाच्या रेल्वेनकाशावर जपानच्या वेगवान गाड्यांची जी रेघ आहे, तिची रुंदी तुमच्याइतकीच, आणि तिथल्या जुन्या गाड्यांची त्याहून कमी. आमच्या एका वाशीम जिल्ह्यात मी तीन मापं पाहिली. वाशीम गावावरून जाणारी लाईन मी नोकरीला लागले तेव्हा मीटर गेज होती. ती उखडून रुंद केली, म्हणजे ब्रॉड गेज. आता तिच्यावर विजेच्या तारा आहेत आणि लांबच्या गाड्या तिच्यावरून नांदेड, हैदराबादकडे जातात. कारंज्याची मात्र नॅरो गेज, अडीच फुटांची. तुमचं जेवणाचं टेबल तिच्यापेक्षा रुंद आहे.

ही लाईन इंग्रजांच्या काळात कापसासाठी घातली. इथला कापूस मूर्तिजापूरला, तिथून मोठ्या गाडीने मुंबईला आणि पुढे बोटीने विलायतेला. कापूस गेला, माणसं उरली, आणि गाडी माणसांची झाली. माझ्या लहानपणी तिला कोळशाचं इंजिन होतं. उन्हाळ्यात कपडे वाळत घातले आणि गाडी गेली की आई शिव्या द्यायची. पुढे डिझेलचं इंजिन आलं. डबे चार-पाच, बाकं लाकडी. चालत्या गाडीतून उतरून शेतातला हरभरा उपटून पुन्हा चढता येतं असं सगळे सांगत. मी मात्र कोणाला तसं करताना कधी पाहिलं नाही.

त्या गाडीवर माणसं थोडी, त्यामुळे गार्डला सगळंच करावं लागे. तिकिटं तो द्यायचा, झेंडी तो दाखवायचा. रस्त्याचं फाटक आलं की गाडी थांबायची, एक माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे जाऊन पुन्हा थांबायची, तो फाटक उघडून धावत येऊन चढायचा. आणि वाटेत कोणी हात दाखवला तर गाडी थांबायचीच. नियमात ते कुठे लिहिलेलं नसणार. पण एखादी बाई लेकरू कडेवर घेऊन शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून येताना दिसली तर ती चढेपर्यंत गाडी हलायची नाही. सामान विसरलं म्हणून कोणी मागे पळालं तर डब्यातली माणसं ओरडून सांगायची, "थांबा बाप्पा, येऊन राह्यली थे." गार्ड म्हणायचा, घरून मुहूर्त काढून निघत जा. पण थांबायचा.

या थांबण्याची आम्हाला इतकी सवय झाली की रुळावरची कुठलीही वस्तू हात दाखवला की थांबते अशीच आमची समजूत होती. हे लक्षात ठेवा.

आता आक्का. माझी थोरली बहीण, म्हणजे तुमची मोठी आजी. तुम्ही तिला व्हिडिओवर पाहिली आहे. तिला वाटतं तुम्ही बहिरे आहात म्हणून ती मोठ्याने बोलते. तिचं सासर मूर्तिजापूरच्या वाटेवरचं एक लहान गाव, लाईनीला लागून. तिच्या शेतातून रूळ दिसतात.

आक्काला मोटार लागते. तुम्हालाही घाटात कधी मळमळतं, तसं नाही. एसटी सुरू झाल्याचा वास आला की तिचा चेहरा पांढरा पडतो. तिच्या लग्नात वऱ्हाड नवरीसह मोटारीने गेलं. ती सासरी उतरली तीच ओकत. सासूने दारातच तिची दृष्ट काढली, मग पुन्हा काढली, आणि शेवटी कोणीतरी सांगितलं की दृष्ट नाही, मोटार आहे. त्यानंतर आक्का मोटारीत बसली ती मोजक्या वेळा, आणि प्रत्येक वेळी नाईलाजाने. लहान गाडीत मात्र तिला कधी काही झालं नाही. दाराजवळच्या बाकावर बसायची, वारा घ्यायची, आणि डब्यातल्या सगळ्यांची चौकशी करत यायची.

आमचे आई-वडील लवकर गेले. भाऊ नाही. त्यामुळे माझं लग्न होऊन मी कारंज्याला आले तेव्हापासून आक्काचं माहेर म्हणजे माझं घर. थोरलीने धाकटीकडे माहेरपणाला यायचं, यावर तिच्या सासरी थट्टा व्हायची. तिला त्याचं काही वाटत नसे. दर चैत्रात, तूर-हरभऱ्याची कामं उरकली आणि पेरणीला अवकाश असला की ती पिशवी घेऊन गाडीत बसे आणि आठ-पंधरा दिवस राहून जाई.

माहेरपण म्हणजे काय हे तुम्हाला कसं सांगू? तुमच्याकडे लोक सुट्टीवर जातात, समुद्रावर, डोंगरावर. आक्का माझ्या घरी येऊन काहीच करत नसे. तीच तिची सुट्टी. आपल्या घरी ती दिवस उजाडल्यापासून उभी. माझ्याकडे आली की मागच्या ओसरीवर भिंतीला टेकून पाय पसरून बसे. "च्या ठेव वं," म्हणे, आणि चहा आला की म्हणे, "साखर कमी हाये," आणि पिऊन टाके. तुमचे आजोबा तेव्हा होते. त्यांच्यासमोर तिने कधी पाय पसरले नाहीत, पण त्यांनाही कळत असे, ते त्या वेळी वाचनालयात जाऊन बसत. दुपारी मी तिचे केस सोडून डोक्याला तेल लावून द्यायची. ती मोठी, मी लहान, पण त्या वेळी ती डोळे मिटून अशी बसे की मीच तिची आई. आणि तेव्हाच ती बोलायची, वर्षभराचं. सासूचं, मुलांचं, नवऱ्याच्या आजारपणाचं. संध्याकाळची गाडी घरामागून गेली की उठून पदर सावरायची.

गाडी बंद व्हायला लागली तेव्हा आम्हाला ते कळलंसुद्धा नाही. आधी फेऱ्या कमी झाल्या. मग रूळ खराब झाले म्हणून काही दिवस बंद, पुन्हा सुरू. मग एकदा बंद झाली आणि आम्ही सुरू व्हायची वाट पाहत राहिलो. आता रुंदीकरण होणार, मोठी गाडी येणार, असं दर थोड्या महिन्यांनी कोणीतरी सांगतं. सांगणारा दरवेळी वेगळा असतो.

लोक एसटीने जायला लागले, जीपने जायला लागले, ज्यांच्याकडे पैसे होते त्यांनी मोटारसायकली घेतल्या. कोणाचं फार अडलं नाही. आक्काचं माहेर तेवढं बंद झालं.

मी प्रयत्न केले नाहीत असं नाही. गोळ्या आणल्या. लिंबू हातात दिलं, आमसूल तोंडात दिलं, पुढच्या सीटवर बसवलं, उपाशीपोटी बसवलं, पोटाशी वर्तमानपत्र धरायला सांगितलं. एकदा चांगली मोठी गाडी भाड्याने केली, काचा उघड्या ठेवल्या. पुढच्या गावाशी ती उतरली आणि रस्त्याच्या कडेला बसून राहिली. परत कशी नेली ते सांगत नाही. तेव्हापासून तिच्या मुलांनी हात जोडले. बैलबंडीने येता आलं असतं, बंडीचं तिला काही होत नाही. पण तिच्या गावाच्या वाटेने थोडं पुढे आलं की मोठा रस्ता लागतो, ट्रकांचा. तिचा मुलगा, माझा भाचा, तिथे बैल घालत नाही, आणि ते बरोबरच आहे. एकदा हॉर्नने बिचकून बैल बंडीसकट खाली उतरले होते.

तुम्ही म्हणाल, तू जा तिच्याकडे. मी जाते. एसटीने जाते, संध्याकाळी परत येते. पण तिच्या घरी ती माझी बहीण नसते, त्या घरातली म्हातारी असते. मी गेले की ती चुलीशी जाते. सून तिला म्हणते, आत्याबाई, मी करते, तुम्ही बसा. ती बसत नाही. घर माणसांनी भरलेलं, सगळी चांगली माणसं, आणि आम्ही दोघी त्यांच्यामध्ये कापूस कसा आहे, सोयाबीन कसं आहे यावर बोलत बसतो. निघताना ती फाट्यापर्यंत येते. एसटीचा वास येऊ नये म्हणून लांब उभी राहते. मला खिडकीतून ती दिसते आणि मग दिसत नाही.

मी तुमच्याकडे आले होते तेव्हा तुम्ही मला त्या लाल गाडीने डोंगरावर नेलं. तुम्हाला वाटलं मी बर्फ पाहून गप्प झाले. बर्फ सुंदरच होता. पण मी रूळ पाहत होते. मोठीने सांगितलं, आजी, ही मीटर गेज आहे, आणि चढ आला की मध्ये दातेरी रूळ असतो, त्यात इंजिनाचं चाक अडकतं, म्हणून गाडी मागे घसरत नाही. मी सगळं नीट ऐकलं. मग एका लहान थांब्यावर एक आजीबाई चढल्या, हातात टोपली, पायात जाड बूट. तुम्ही म्हणालात, या स्टेशनवर गाडी रोज थांबत नाही, कोणाला चढायचं असेल तर खांबावरचं बटण दाबायचं, म्हणजे ड्रायव्हरला कळतं. त्या बाई शांतपणे बसल्या. तिकीट तपासणाऱ्याने त्यांना काहीतरी विचारलं, त्या हसल्या. पुढच्या स्टेशनवर उतरून गेल्या. एका माणसासाठी एवढी गाडी थांबली आणि डब्यात कोणाला त्याचं नवल वाटलं नाही.

तेव्हा मला आधी राग आला. कोणावर ते कळेना. मग आक्काची इतकी आठवण आली की तुम्ही दिलेलं चॉकलेट मी हातातच धरून ठेवलं. ते वितळलं, आणि मोठीने रुमाल दिला. आजीला थंडी वाजते म्हणून तुम्ही मला आपल्यामध्ये बसवून घेतलं. ते मला फार बरं वाटलं, हेही इथे लिहून ठेवते.

परत आल्यावर मी आक्काला फोनवर सगळं सांगितलं. डोंगर, बटण, टोपलीवाल्या बाई. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तिथल्या बायायले मोटार लागत असंन."

आता चैत्रातली गोष्ट.

यंदा होळीनंतर लाईनीवर पाहणीसाठी माणसं आली. झुडपं तोडली, रुळांच्या कडेच्या दगडांना चुना मारला, तीन पायांच्या तिकाटण्यावर दुर्बीण लावून काही मोजलं. आक्काच्या गावात बातमी पसरायला तेवढं पुरलं. कोणी म्हणालं मोठी गाडी येणार, कोणी म्हणालं जुनीच सुरू होणार. आक्काने दोन दिवस सगळ्यांचं ऐकलं. तिसऱ्या दिवशी घरची माणसं शेतात गेल्यावर तिने पिशवी भरली, ठेवणीतलं लुगडं नेसली, आणि गुडघे धरत धरत जुन्या थांब्याशी जाऊन बसली. तिथे आता नुसता ओटा उरला आहे.

थोड्या वेळाने रुळावरून ट्रॉली आली. ट्रॉली म्हणजे चार चाकांवर ठेवलेलं बाकडं, वर छत्री. दोन माणसं रुळावरून धावत मागून ढकलतात, वेग आला की उडी मारून मागे बसतात. साहेब पुढे बसून रूळ पाहत जातो. आक्काने हात दाखवला.

ट्रॉली थांबली. साहेब तरुण होता. त्याने नंतर मला सांगितलं की बाई हात करते आहे म्हणजे पुढे कोणाला अपघात झाला असेल असं त्याला वाटलं. तो खाली उतरला तर आक्का पिशवी वर ठेवून चढलेली. त्याने समजावून पाहिलं. ही गाडी नाही, ही पाहणीची ट्रॉली, यावर प्रवासी घेता येत नाही. आक्काने विचारलं, रूळ कारंज्यालेच जाते ना? तो म्हणाला, जातात, पण. ती म्हणाली, "मंग चाल बाबू. इंजिन नाई त नाई. मी का लय वजनाची हावो?"

ढकलणारी माणसं हसायला लागली. साहेबाने इकडे तिकडे पाहिलं आणि ट्रॉली सोडली. त्याची चूक असेल तर असो. मी त्याला दुवा देते.

मला हे काहीच ठाऊक नव्हतं. मी दळण आणून ठेवत होते आणि फोन वाजला. पलीकडे वाऱ्याचा आवाज आणि आक्का.

"टेशनावर ये. मी गाडीत बसून राह्यली."

मी म्हणाले, "कोनत्या गाडीत?"

"आपल्या," ती म्हणाली आणि फोन बंद झाला.

बाळांनो, मला वाटलं हिचं डोकं फिरलं. या वयात कधी काय होईल सांगता येत नाही. मी भाच्याला फोन लावला, तो शेतात, उचलला नाही. मग मी काय केलं असेल? मी पायात चपला घातल्या आणि स्टेशनवर गेले.

आमचं स्टेशन तुम्ही पाहिलेलं नाही. तिकिटाच्या खिडकीला पत्रा ठोकला आहे. फलाटावर शेळ्या बसतात. बाहेर एक चहाची टपरी अजून चालते, रस्त्यावरच्या लोकांसाठी. टपरीवाला माझा जुना विद्यार्थी, इंग्रजीत दोनदा नापास झालेला. त्याने विचारलं, "मॅडम, कोन येऊन राह्यलं?"

"बहीण."

"कायच्यानं?"

"गाडीनं."

त्याने माझ्याकडे पाहिलं, रुळाकडे पाहिलं, आणि कपात चहा ओतला. म्हणाला, "मंग च्या पिऊन घ्या. लेट असंन."

मी चहा हातात घेऊन मूर्तिजापूरच्या दिशेला तोंड करून उभी राहिले. मला माहीत होतं की गाडी येणार नाही. समोर रुळांवर बाभळी वाढलेल्या, त्यातून शेळीसुद्धा धड जात नव्हती. तरी मी उभी राहिले. किती वर्षांनी मी त्या फलाटावर कोणाची तरी वाट पाहत होते. ऊन चढत होतं आणि मला तिथून हलावंसं वाटत नव्हतं. गाडी यायच्या आधी रूळ बारीक वाजायचे, ते आपण ऐकतो आहोत असंही एकदा वाटलं.

मग पुन्हा फोन आला. रूळ संपले होते. मोठा रस्ता जिथे लाईन ओलांडतो तिथे रूळ डांबराखाली गेले आहेत, आणि रस्त्याच्या अलीकडे कारंज्याच्या बाजूला सगळं झुडूप. ट्रॉली तिथे थांबली होती. "फाटकावर बसली मी," आक्का म्हणाली. "तू ये. मी निंगत नाई इथून."

मी ऑटो केला. फाटकाची दांडी केव्हाच गेली आहे, फाटकवाल्याची पडकी खोली आणि तिच्यापुढे एक कडुनिंब आहे. निंबाखाली आक्का बसली होती, शेजारी साहेब आणि त्याची माणसं. साहेबाने तिला परत गावी सोडतो म्हटलं होतं, तिने ऐकलं नव्हतं. मला पाहून तो उठला, कपाळाचा घाम पुसला, झालं ते सगळं सांगितलं, आणि आपली ट्रॉली घेऊन आल्या वाटेने निघून गेला.

घर तिथून फार लांब नाही, पण तिच्या गुडघ्यांना चालून जाण्याइतकं जवळही नाही. मी म्हणाले, आक्का, ऑटो उघडा आहे, दोन्हीकडून वारा लागतो, सावकाश नेऊ. तिलाही मोह झाला. ती बसली. ऑटोवाल्याला मी सांगितलं, बैलासारखा चालव. रस्त्यावर ट्रक होते, धूर होता. पहिल्या वळणाशी तिने माझं मनगट धरलं, आणि मला कळलं. आम्ही उतरलो. ती कडेला बसली, मी तिची पाठ धरली. बराच वेळ गेला. मग तिने चूळ भरली आणि आम्ही ऑटोच्या पुढे चालत, तिचा हात माझ्या खांद्यावर, पुन्हा निंबाखाली आलो.

मला रडू येत होतं. एवढं येऊन घर तेवढं राहिलं. मी म्हणाले, थोडं बसू, मग पुन्हा प्रयत्न करू. तिने पिशवी पुढे ओढली. त्यात आठ दिवसांची लुगडी होती, माझ्यासाठी कुरडया होत्या, मशेरीची डबी होती, आणि तेलाची बाटली. ती बाटली तिने माझ्या हातात दिली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

"आता माहेर इथपरेंतच," ती म्हणाली. "लाव."

मी तिचे केस सोडले. पूर्वी ते माझ्या मुठीत मावत नसत. आता बोटाएवढे राहिले आहेत. रस्त्यावरून जाणारे मोटारसायकलवाले वळून पाहत होते. ऑटोवाल्याला मी आलुबोंडे आणायला पाठवलं, ते आम्ही तिघांनी खाल्ले. आक्काने पाय पसरले. आणि मग ती बोलायला लागली, गाडी बंद झाल्यापासून साठलेलं सगळं. नवरा गेला त्या दिवसाचं तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी तिच्या घरी भेटायला गेले होते तेव्हा घरात सगळे होते. ते तिने त्या निंबाखाली सांगितलं. मीही तुमच्या आजोबांचं सांगितलं. काय सांगितलं ते आमच्या दोघींचं आहे.

दिवस कलला तेव्हा, ट्रॉलीवाल्यांकडून कळून, भाचा रुळांच्या कडेने बंडी घेऊन आला. गावभर शोधून त्याचा जीव अर्धा झाला होता, आणि सापडल्यावर साहजिकच राग आला. "तुमाले दोघीयले काई समजते का?" तो म्हणाला. "रुळावरून कोनी जाते का?"

आक्काने केस बांधले. "तू काहून चिडतं?" ती म्हणाली. "एवढं चालून बैल नाई चिडले."

तो हसला नाही. पण त्याने तिला उचलून बंडीत बसवलं, आणि मला म्हणाला, मावशी, पुढल्या टायमाले मले आधी सांगत जा. पुढची वेळ असणार हे त्यानेच ठरवून टाकलं.

तुमच्या बाबांना हे सगळं आता कळलं आहे, तेव्हा त्यांनी मला फोन करून रागवू नये. रागवायचंच असेल तर आधी पूर्ण वाचावं.

तुम्ही या. मूर्तिजापूरपर्यंत तुमचा बेत बरोबर आहे, पुढे मी गाडी पाठवते. रस्ता चांगला आहे. तुम्हाला आमची लहान गाडी दाखवता येणार नाही, याचं मला तुमच्यापेक्षा जास्त वाईट वाटतं. पाहणीची माणसं पुन्हा आलेली नाहीत. त्यांनी तोडलेली झुडपं पावसात पुन्हा वाढली. रुंदीकरण होईल की नाही मला ठाऊक नाही, आणि झालं तरी ती मोठी गाडी आक्काच्या गावाशी कोणी हात दाखवला म्हणून थांबणार नाही.

शेतात काम नसलं की भाचा मला आदल्या दिवशी फोन करतो. मी सतरंजी आणि चहाचा थर्मास घेऊन ऑटोने त्या निंबाशी जाते. तिच्या गावापासून फाटकापर्यंतचे रूळ अजून जागेवर आहेत, आणि आक्का त्यांच्या कडेने बंडीतून येते.